सामाईक डोंगरातील जुना बेहडा आणि त्यातील धनेशाची ढोली : तोड कशी थांबवता येईल?

पऱ्याकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य कड्याच्या पायथ्याशी आहे. घरापासून पाऊण तासाच्या चढावर आमच्या घराण्याचा सामाईक डोंगर आहे आणि त्याच्या मधल्या टप्प्यात, पऱ्याच्या (ओढ्याच्या) अगदी काठाला, एक जुना बेहडा उभा आहे. आम्ही तिघा भावंडांनी हात धरून त्याला कवेत घेतले तरी बोटे जुळत नाहीत. जमिनीपासून साधारण ४० फुटांवर, पूर्वी कधी तरी मोडलेल्या फांदीच्या जागी ढोली झालेली आहे आणि माझ्या आठवणीपासून तिच्यात गरुडाचे, म्हणजे पुस्तकी नावाने धनेशाचे, घरटे असते.

गेल्या मार्चमध्ये मी समोरच्या उतारावर, करवंदीच्या जाळीमागे, सकाळी तीन तास बसून होतो. ढोलीचे तोंड लिंपून बंद केलेले होते आणि मधे जेमतेम चोच बाहेर येईल एवढी उभी फट होती. साडेसातच्या सुमारास नर आला. येताना त्याच्या पंखांचा आवाज इतका मोठा होता की, पक्षी दिसण्याआधी मी मान वर केली. खोडाला शेपटी टेकून तो बसला, मानेला हलका झटका देऊन त्याने घशातून एक उंबर चोचीच्या टोकाशी आणले आणि फटीतून आत दिले. मग दुसरे, मग तिसरे. मी २३ मोजली आणि त्यापुढे माझे मोजणे चुकले. पक्षी मोठा, चोच पिवळी, डोक्यावर रुंद पिवळे शिरस्त्राण, तोंडावर काळा पट्टा आणि डोळा लाल होता.

आता अडचण सांगतो. सातबाऱ्यावर १४ नावे आहेत, त्यांतील ९ जण मुंबईला असतात. दोन चुलत्यांनी पुढाकार घेऊन डोंगर व्यापाऱ्याला उक्ता, म्हणजे सगळ्या झाडांची मिळून एकच रक्कम ठरवून, द्यायचे ठरवले आहे. दिवाळी झाली की तोड सुरू होईल आणि पुढच्या पावसाळ्यात तेथे काजूची कलमे लागतील, असा बेत आहे. अजून कागद झालेला नाही. चुलते वाईट माणसे नाहीत. घराचे छप्पर बदलायचे आहे आणि डोंगरातून वर्षाकाठी काहीच हाती येत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. मला त्यांच्याशी भांडायचे नाही, परंतु हे झाड पडताना पाहणेही मला शक्य नाही. वर घाटमाथ्यावर कोयनेचे अभयारण्य आहे आणि त्याची नोंद महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांत झालेली आहे, असे वाचले होते. त्याचा आमच्या डोंगराला काही उपयोग होईल का? कायद्याचा आधार आहे का? आणि घरच्या माणसांपुढे काय मांडावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

घाटवाट

आपण केलेल्या वर्णनावरून, विशेषतः लाल डोळ्यावरून, तो महाधनेशाचा नर आहे. मादीचा डोळा पांढुरका असतो. कोकणात मलबारी कवड्या धनेशालाही गरुडच म्हणतात, पण तो आकाराने बराच लहान असतो. महाधनेशाचे वजन ३ किलोच्या आसपास भरते आणि एवढ्या पक्ष्याला मावेल अशी ढोली फक्त फार जुन्या झाडात असते. धनेशाला सुतारासारखे लाकूड कोरता येत नाही. फांदी मोडावी, त्या जखमेतून पाणी मुरावे, गाभा कुजावा आणि तरीही खोड उभे राहावे, असे घडायला कित्येक दशके लागतात, आणि म्हणूनच तोच पक्षी त्याच ढोलीत वर्षानुवर्षे परत येतो.

मादी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत आत जाते आणि स्वतःची विष्ठा, माती व फळांचा चोथा यांनी तोंड लिंपून घेते. आत असताना तिची उडण्याची पिसे गळतात, त्यामुळे त्या काळात तिला बाहेर काढले तर ती उडूही शकत नाही. अंडी १ किंवा २ असतात, ती सुमारे ४० दिवस उबवावी लागतात आणि बहुधा एकच पिल्लू मोठे होते. पिल्लू अर्धेमुर्धे वाढले की मादी लिंपण फोडून बाहेर येते आणि पिल्लू आतून पुन्हा तोंड बंद करून घेते. सुरुवातीपासून पिल्लू उडेपर्यंत जवळजवळ चार महिने जातात. या चार महिन्यांतील मोठ्या भागात सगळे कुटुंब एका नरावर जगते. नर मेला, किंवा माणसांच्या वर्दळीमुळे त्याला दिवसभर झाडाकडे येता आले नाही, तर आतल्यांची उपासमार होते.

पक्षिक्षेत्राबद्दल मला स्पष्ट लिहिणे भाग आहे. महत्त्वाची पक्षिक्षेत्रे ही बर्डलाइफ इंटरनॅशनलने जगभर ठरवलेल्या निकषांवर निवडली जातात आणि भारतात ते काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केले. धोक्यातील पक्षी, ठरावीक प्रदेशापुरतेच आढळणारे पक्षी अशा कसोट्यांवर कोयना, राधानगरी ही नावे त्या यादीत आली आणि त्यामुळे अभ्यासाला व संवर्धनाच्या मागणीला वजन मिळाले. परंतु ती कायद्याची चौकट नाही. कोयनेला संरक्षण मिळते ते १९८५ मध्ये घोषित झालेले अभयारण्य म्हणून आणि पुढे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग म्हणून. पक्ष्याला मात्र ती सीमारेषा ठाऊक नसते. कड्याखालचा उतार, जेथे उंबर लवकर पिकतात, पऱ्याला उन्हाळ्यात ओल असते आणि जुने बेहडे, आंबे, किंजळ उभे आहेत, तो सरकारी नसून मालकीचा आहे. आपल्या भागातील महाधनेशाचे भवितव्य घाटमाथ्यावरच्या अभयारण्याइतकेच आपल्यासारख्या घराण्यांच्या डोंगरांत ठरणार आहे, असे माझे इतक्या वर्षांच्या निरीक्षणानंतरचे मत झाले आहे.

एक विनंती आणखी. या झाडाचा ठिकाणा येथे किंवा अन्यत्र उघड करू नका. छायाचित्रे काढणाऱ्यांची रीघ लागल्यामुळे नर झाडाकडे यायला बिचकतो, हे मी पाहिले आहे. आपण समोरच्या उतारावर बसला होता ते योग्य केले. किमान ५० मीटर अंतर राखावे, आडोसा घ्यावा, आणि नर आला की हालचाल करू नये.

सातबारा

मी महसुली व वनविषयक कागदपत्रांचे काम करतो, त्यामुळे तेवढ्यापुरते लिहितो.

खाजगी जमिनीवरील तोडीसाठी महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीतील झाडे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्या यादीत साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, खैर, हिरडा ही नावे आहेत. बेहड्याचे नाव मूळ यादीत नाही आणि आपल्या प्रश्नातील खरी मेख ही आहे. डोंगर उक्ता दिला जातो तेव्हा व्यापारी अनुसूचित झाडांसाठी अर्ज करतो आणि उरलेली झाडे कोणी विचारत नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन सध्याची यादी व आपल्या गट क्रमांकावर कोणता अर्ज आला आहे ते प्रथम पाहून घ्या.

दुसरा आधार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आहे. महाधनेश अनुसूची १ मध्ये आहे आणि या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्याच्या अंड्यांना वा घरट्याला उपद्रव देणे हेही येते. म्हणजे मादी आत असताना ते झाड पाडणे ही कायद्याच्या दृष्टीने शिकारच आहे आणि अनुसूची १ मधील प्राण्यासाठी शिक्षा किमान ३ वर्षे, कमाल ७ वर्षे आहे. परंतु आपल्याकडची तोड दिवाळीनंतर, म्हणजे ढोली रिकामी असताना व्हायची आहे. रिकाम्या ढोलीला घरटे म्हणून सिद्ध करणे अवघड जाते. यासाठी आजवरच्या नोंदी, तारखा आणि छायाचित्रे जोडून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा, त्यांना जागेचा पंचनामा करायची विनंती करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. ग्रामपंचायतीत २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत या झाडाची नोंद करून घ्या. कायद्याचा धाक म्हणून नव्हे, पण पुढे कोणी विचारले तर गावाचा स्वतःचा कागद हाताशी असावा.

सामाईक जमिनीत एक बाजू आपल्या सोयीची असते. सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीवाचून उक्ता व्यवहार निर्वेध होत नाही. मुंबईच्या ९ जणांकडून व्यापारी कुलमुखत्यारपत्र मागेल, तेव्हा ते कोणी अजून दिले आहे का, हे आजच विचारा. आपले स्वतःचे नाव सातबाऱ्यावर असेल तर आपली हरकत लेखी नोंदवता येते. तथापि घरात हरकतीने सुरुवात करू नये, असे मी अशिलांनाही सांगतो. आधी बोलावे. पऱ्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा सोडून उरलेल्यावर व्यवहार, किंवा एवढी अमुक झाडे वगळून व्यवहार, असा करार होऊ शकतो आणि मी असे दोन करार लिहिले आहेत. वगळलेल्या झाडांना क्रमांक घालून, खोडावर रंगाचा पट्टा मारून, घेर लिहून ती यादी कराराला जोडावी लागते. नुसते ‘मोठी झाडे ठेवावीत’ असे लिहिलेले कागद तोडीच्या दिवशी कुऱ्हाडवाल्यापुढे टिकत नाहीत.

पुढे कधी घराण्याची तयारी झाली तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-सी (36C) प्रमाणे मालकीच्या जमिनीवर समुदाय राखीव क्षेत्र जाहीर होऊ शकते. त्यासाठी मालकांनी स्वतःहून पुढे यावे लागते. ही वाट लांबची आहे, दिवाळीच्या आत होणारी नाही.

हिरडा_बेहडा

आमच्या गावात आम्ही ज्या मार्गाने गेलो तो सांगतो, कारण आपल्या चुलत्यांचा मुद्दा उत्पन्नाचा आहे आणि त्याला उत्तरही उत्पन्नाचेच हवे.

बेहड्याला संस्कृतात ‘भूतवास’ असेही एक नाव आहे. आमची आजी तिन्हीसांजेला बेहड्याखालून जाऊ देत नसे. त्या भीतीने दोन पिढ्या कोणी बेहड्याला हात लावला नाही. आता भीती गेली, लाकडाला खोकी आणि जळण म्हणून गिऱ्हाईक आले, आणि जुने बेहडे भराभर गेले. फळाची किंमत मात्र कोणी धरत नव्हते. बेहडा हा त्रिफळ्यातील एक घटक आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वर भागातील बेहडा आणि भीमाशंकर भागातील हिरडा यांसाठी फेअरवाइल्ड प्रमाणपत्राची व्यवस्था उभी केली आणि इंग्लंडमधील पुक्का हर्ब्ज ही कंपनी ग्राहक म्हणून पुढे आली. फेअरवाइल्डच्या पद्धतीत झाडाला इजा करायची नाही, फळ किती उचलायचे याची मर्यादा पाळायची आणि गोळा करणाऱ्याला रास्त दर द्यायचा, हे नियम असतात. या भागात तिचा विचार झाला तोच मुळी महाधनेश आणि कवड्या धनेश बेहड्यात घरटी करतात म्हणून.

प्रत्यक्ष काम असे असते. थंडीत फळ गळू लागले की झाडाखालची जागा झाडून घ्यायची, एक दिवसाआड फळे वेचायची, किडकी बाजूला काढायची आणि उरलेली कडक उन्हात वाळवायची. फळ जोराने हलवले की आतली बी खुळखुळली पाहिजे, तेवढे वाळले की पोती भरायची. ओलसर राहिले तर बुरशी येते आणि सगळा माल परत येतो. पहिल्या वर्षी आमची चार पोती अशी गेली. नशिबाने वेचणीचा मुख्य हंगाम मादी ढोलीत बसण्याच्या आधी किंवा सुरुवातीला येतो. घरट्याच्या झाडाखाली जानेवारीनंतर आम्ही जातच नाही, मग फळ पडून राहिले तरी चालेल.

यातून तोडीइतकी रक्कम एका वर्षात येत नाही, हे मी लपवणार नाही. पण तोडीचे पैसे एकदाच येतात. आमच्या घरात शेवटी काकूने हिशेब मांडला, डोंगरातील ११ बेहड्यांचे पाच वर्षांचे फळ एका बाजूला आणि व्यापाऱ्याने त्या ११ झाडांसाठी धरलेली रक्कम दुसऱ्या बाजूला. व्यापारी बेहड्याला जवळजवळ काहीच धरत नव्हता, तो पाहत होता ऐन आणि किंजळ. ते लक्षात आल्यावर बेहडे वगळायला घरातून कोणाचाच विरोध राहिला नाही. आपणही व्यापाऱ्याला आधी झाडागणिक दर विचारा, उक्ता आकडा नको.

उंबरसावली

वरची सर्व उत्तरे उपयोगी आहेत, पण बेहडा वाचवून भोवतीचे रान गेले तर ढोली रिकामी राहील, ही भीती मला लिहायला हवी. आपण जी २३ उंबरे मोजली ती कोठून आली होती? वड, उंबर, पायर, नांद्रूक या कुळातील झाडे वेगवेगळ्या वेळी फळतात, एकाच जातीची दोन झाडेही एका वेळी पिकतील असे नाही, आणि प्रत्येक जातीचे परागण करणारी चिमुकली गांधीलमाशी वेगळी असते. त्यामुळे भर उन्हाळ्यात, इतर रानमेवा सुरू व्हायच्या आधी, कोठे ना कोठे एखादे झाड पिकलेले असते आणि त्यावर नर घर चालवतो. या झाडांच्या लाकडाला भाव नसतो म्हणून ती ‘किरकोळ’ या सदरात जातात आणि साफसफाईत पहिली तोडली जातात. काजऱ्याचेही तसेच होते. त्याची बी विषारी असल्यामुळे लोक तो काढून टाकतात, पण कवड्या धनेश त्याचा गर खातो आणि बी टाकून देतो.

म्हणून वगळायच्या यादीत ढोलीच्या झाडाबरोबर ही फळझाडे घाला आणि पऱ्याचा पट्टा सलग ठेवा. काजू लावायचाच असेल तर वरच्या उघड्या, कातळाजवळच्या भागात लावावा. तेथे रान आधीच विरळ असते. डोंगर जाळून साफ करू नये, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये लागलेला वणवा नेमका मादी आत असताना झाडाच्या बुंध्याशी येतो आणि जुन्या बेहड्याचा पोकळ गाभा धुराड्यासारखा पेटतो. पौषातच झाडाभोवतीचे गवत कापून जाळरेषा काढणे हे दोन माणसांचे एका दिवसाचे काम आहे.

‘पाच तोडली तर पन्नास लावू’ असे आपल्याला कोणी सुचवील. लावावीतच. वड-पायरीची जाड फांदी पावसाळ्यात रोवली तरी फुटते, आणि घरट्याखाली पडलेल्या बियांची रोपे जून-जुलैत आयती मिळतात. परंतु आज लावलेल्या रोपात ढोली व्हायला आपल्या नातवंडांचे आयुष्य जाईल, तोवर पक्ष्याने कोठे जायचे?

घाटवाट

उंबरसावली यांच्याशी पूर्ण सहमत. एक भर घालतो. अरुणाचल प्रदेशात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला न्यिशी समाजाच्या गावांतील माणसे अभयारण्याबाहेरच्या जंगलातील धनेशाची घरटी राखतात. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन, वनविभाग आणि गावबुऱ्यांची, म्हणजे गावप्रमुखांची, घोरा-आभे सोसायटी यांनी मिळून ती योजना उभी केली आणि शहरांतील लोक एकेक घरटे दत्तक घेऊन राखणदारांच्या वेतनाला हातभार लावतात. केरळात वाळचालच्या जंगलात कादर समाजाची माणसे असेच काम करतात. तेथे आणि येथे जमिनीची परिस्थिती वेगळी आहे, पण ज्याच्या दारात पक्षी आहे त्यालाच त्याच्या राखणीचा मोबदला मिळावा, ही गोष्ट आपल्याकडेही लागू पडते. आपल्या मुंबईच्या ९ सहहिस्सेदारांना हे जरूर सांगा. चाकरमानी मंडळींना गावाकडच्या झाडाविषयी वाटते त्याहून अधिक माया असते, फक्त त्यांना कोणी विचारलेले नसते.

पऱ्याकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत जे झाले ते लिहितो.

व्यापाऱ्याकडे झाडागणिक दर मागितला. हिरडा_बेहडा यांनी लिहिले तसेच निघाले. त्याची नजर ऐन-किंजळीवर होती आणि बेहड्यांना त्याने ‘जळण’ म्हणून एकत्र किरकोळ आकडा लावला होता. मुंबईच्या सहहिस्सेदारांपैकी दोघांनीच कुलमुखत्यारपत्र दिले होते. उरलेल्यांना मी मार्चमधले छायाचित्र आणि चार ओळींचे पत्र पाठवले. त्यावर ८० वर्षांच्या आतेचा फोन आला. लहानपणी त्याच झाडाखाली त्या गुरे घेऊन बसत आणि ‘गरुड आला की वळीव जवळ आला असे आम्ही समजायचो’, असे त्या म्हणाल्या. ते झाड त्यांच्या लहानपणीही इतकेच मोठे होते.

धाकट्या चुलत्यांना घेऊन परवा डोंगरात गेलो. ढोली रिकामी होती, तरी तिच्या काठाला गेल्या वर्षीच्या लिंपणाचा कडक कडा अजून चिकटून होता आणि खाली पालापाचोळ्यात पावसाळ्यात रुजलेली काजऱ्याची, जांभळीची आणि ओळखू न आलेली पुष्कळ रोपे उभी होती. चुलते बराच वेळ ती रोपे पाहत होते. मग त्यांनीच विचारले की पऱ्यापासून किती अंतर सोडायचे. आम्ही दोरी धरून दोन्ही बाजूंना ३० मीटर मोजले. त्या पट्ट्यात ६ बेहडे, ४ उंबर, एक प्रचंड नांद्रूक आणि दोन जुने आंबे आले आणि त्यांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे मारून क्रमांक घातले.

थोरले चुलते अजून राजी नाहीत. वरचा अर्धा डोंगर तोडीला जाणार हे जवळजवळ ठरले आहे आणि ते थांबवणे मला जमलेले नाही, याचे वाईट वाटते, कारण त्यात किंजळीची काही थोराड झाडे आहेत. वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतली आहे. सातबारा यांना विनंती की, वगळलेल्या झाडांची यादी जोडलेल्या कराराचा मसुदा कसा असावा, त्यातील कलमे येथे लिहावीत. मंगळवारी सर्व हिस्सेदारांची फोनवर बैठक आहे, त्याच्या आत मिळाली तर फार बरे होईल.